गुलालाखालचे चेहरे आणि तुमचे आभार

प्रिय ताई,

हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. मिरवणुकीचे फोटो कॉम्प्युटरवर कसे सुधारायचे आणि जपायचे हे तुम्ही जे शिकवलंत ते फक्त आमच्या गिरगावातल्या मंडळापुरतं राहू नये. लालबाग-परळपासून पार्ल्यापर्यंत मिरवणुकीत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक पोराला ते उपयोगी पडेल.

विसर्जनाचे फोटो काढणारे आमचे कार्यकर्ते वेगवेगळे, कॅमेरे वेगवेगळे. कोणाच्या फायली एनईएफ (निकॉनच्या), कोणाच्या सीआर३ (कॅननच्या). दोन्ही रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरची मूळ माहिती असलेल्या फायली. मंडळाच्या कॉम्प्युटरवरचं जुनं सॉफ्टवेअर सीआर३ ओळखतच नव्हतं. नवीन विकत घ्या, असा सल्ला सगळीकडून येत होता. तुम्ही मात्र अ‍ॅडोबीचा फुकट मिळणारा डीएनजी कन्व्हर्टर दाखवलात, तो अशा रॉ फायली डीएनजी या एकाच सामायिक प्रकारात बदलतो. त्यातून निघालेल्या डीएनजी फायली त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. एक पैसा खर्च झाला नाही.

पण मनापासून आभार मानायचेत ते गुलालाबद्दल. ढोलपथकाच्या फोटोंत गुलालाने माखलेले चेहरे म्हणजे नुसते लाल डाग दिसत होते. नाक, गाल, घाम, काहीच वेगळं कळत नव्हतं. आम्ही ते फोटो बाद करणार होतो. तुम्ही म्हणालात, "लाल रंग जेपेगमध्ये कापला गेलाय, रॉमध्ये अजून आहे." मग कारणही नीट समजावलंत. जेपेग म्हणजे दाबून लहान केलेला तयार फोटो, त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा उजेड-रंगांचा आलेखही जेपेगवरूनच काढलेला, त्यामुळे तो लाल भरलाय म्हणाला तरी सेन्सरवर जागा उरलेली असू शकते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्यांच्या छटेप्रमाणे रंग जुळवणं, तर रॉमध्ये नुसती नोंद असते, ती केव्हाही बदलता येते. तुम्ही एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, खाली आणलंत, रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळेपणा काढलात, आणि ताशा वाजवणाऱ्या आमच्या मुलीच्या कपाळावरचा गुलाल कणाकणाने दिसायला लागला. तिच्या आईने तो फोटो मोठा करून घरात लावलाय.

हॅलोजनचा झोत थेट पडलेले काही फोटो होते. तिथे तुम्ही उजेड कमी-जास्त करणाऱ्या स्लायडरला हातही लावला नाहीत. "इथे सेन्सरच भरून गेलाय, ओढून फक्त राखाडी येईल," असं स्पष्ट सांगितलंत. जे परत आणता येत नाही ते आणायचं आश्वासन न देणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

सेव्ह करण्याची शिस्तही तुमचीच. एनईएफसारखी रॉ फाइल तशीच राहते. आपण केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जातात, म्हणून फोटो हलवताना किंवा नाव बदलताना दोन्ही बरोबर न्यायच्या. छपाईसाठी १६ बिट टिफ, म्हणजे जास्त पायऱ्यांची मोठी फाइल. व्हॉट्सअ‍ॅपला एसआरजीबी या बहुतेक पडद्यांना चालणाऱ्या रंगव्यवस्थेतलं जेपेग, आणि पुन्हा काही बदलायचं झालं तर त्या जेपेगवर काम न करता परत रॉकडेच जायचं, कारण जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडं थोडं झिजतं. आमच्या पोरांना हे आता तोंडपाठ आहे.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हाही तुमचाच आग्रह. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या माणसाला त्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. एक हार्ड डिस्क आता खजिनदारांच्या डोंबिवलीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर आहे.

दिवसभर स्टुडिओत लग्नाचे अल्बम करून तुम्ही संध्याकाळी दादरहून आमच्याकडे येत होतात, आणि मानधनाचं पाकीट पुढे केलं तर परत करत होतात. त्या वेळेचं मोल आम्हाला कळतं, ताई.

चाळीतल्या आणखी काही मुलींना हे काम शिकायचंय. यंदा आरतीला या, तेव्हा त्यांची भेट घालून देतो. रविवार चालणार असेल तर तसं कळवा.

तुमचा,
मंडळाचा एक कार्यकर्ता