चौकीवरचा माणूस

११ सप्टेंबरला राष्ट्रीय वनहुतात्मा दिन असतो. १७३० साली राजस्थानातल्या खेजडली गावात झाडांसाठी प्राण देणाऱ्या बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांची आठवण त्या दिवशी निघते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आसामचे मानस अभयारण्य आठवते.

१९८५ साली जागतिक वारसा ठरलेले हे जंगल पुढच्या काही वर्षांत वेगळ्या राज्यासाठीच्या बोडो आंदोलनाच्या हिंसाचारात सापडले. चौक्या जाळल्या गेल्या, वनरक्षक मारले गेले. १९९२ मध्ये युनेस्कोने मानसला ‘धोक्यातील वारसा’ यादीत टाकले. तिथले गेंडे तर पुरते संपले. पुढे दुसरीकडून गेंडे आणले, आणि २०११ मध्ये मानस यादीतून बाहेर आले. त्याच्या बातम्या झाल्या.

मारल्या गेलेल्या वनरक्षकांचे काय? हा माणूस बहुधा आसपासच्याच गावातला. दंगल पेटली की एका बाजूसाठी तो सरकारचा माणूस, दुसऱ्या बाजूसाठी ‘त्यांच्यातला’. हातात जुनी बंदूक, मदत कित्येक मैल दूर. (चौकी सोडून पळाला असता तर निलंबन ठरलेले!) सीमेवरच्या जवानाचे नाव गावच्या चौकात लागते. वनरक्षकाचे नाव निदान त्याच्या चौकीला तरी द्यावे, आणि कुटुंबाला पेन्शनसाठी खेटे घालायला लावू नयेत.

– एक वाचक