जळीत कक्षाला समुपदेशक द्या

महोदय,

दिवाळी जवळ आली की फटाक्यांपासून जपण्याच्या सूचना आपल्या पानांवर येतात. त्या हव्यातच. मला लिहायचे आहे ते भाजलेल्या माणसाच्या पुढच्या दिवसांबद्दल. मी सरकारी रुग्णालयातल्या जळीत कक्षाची परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख परिचारिका होते.

आमच्या रुग्णांना सर्वांत धास्ती ड्रेसिंगची. ट्रॉलीची चाके वाजली की रडारड सुरू होई. जखमेला चिकटलेली पट्टी सलाइनने भिजवून सोडवावी लागते. वेदनाशामक लागू पडेपर्यंत थांबले, ‘आता डावा हात सोडवते, तू थांब म्हणालीस की थांबेन’ असे आधी सांगितले, तर तोच रुग्ण पुष्कळ सोसतो. जिला घरात धरून पेटवले, तिला आम्हीही चौघींनी धरून पट्टी ओढली, तर तिच्या लेखी तेच पुन्हा घडते. पण एका सिस्टरवर अख्खा कक्ष टाकल्यावर थांबायला वेळ कुठून आणायचा?

‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे सांगणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या. सांगताना उशाशी नवरा नाहीतर सासू. जबाबासाठी पोलीस येतात, दंडाधिकारी येतात; पुढे तिची विचारपूस करायला कोणी फिरकत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला उपचार आणि पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ सांगते. स्वतःला पेटवून घेऊनही भीतीपोटी ‘भडका’ म्हणणारी मात्र आत्महत्येच्या प्रयत्नाच्या नोंदीत येतच नाही.

घरी गेल्यावर गॅसजवळ उभे राहवत नाही, झोप लागत नाही. व्रण जाड होऊ नयेत म्हणून प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) दिवसाचे जवळजवळ २३ तास, वर्षभर किंवा त्याहून जास्त घालायचे असते, व्यायाम वेगळे. मनाने खचलेल्या माणसाकडून ते सुटते. मग बोटे आखडतात, हनुवटी छातीकडे ओढली जाते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. फायलीवर मात्र शेरा पडतो : ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ तो शेरा वाचून मला आजही राग येतो.

प्रत्येक जळीत कक्षात समुपदेशकाचे कायम पद हवे. त्याने सर्जनबरोबर राउंडला यावे, नातेवाइकांना बाहेर ठेवून रुग्णाशी बोलावे, रुग्णालयातून घरी सोडल्यावरही तपासणीच्या तारखेला भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर छापावा. पद मंजूर होईपर्यंत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकांना आठवड्यातले ठरावीक दिवस जळीत कक्षात पाठवता येईल. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा एक लेखी आदेश पुरेसा आहे.

– एक निवृत्त परिसेविका, मिरज