वालस्ट्राटच्या परटीणबाईंना, बटाट्यांबद्दल

प्रिय बाई,

इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या नावाने नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावी महोत्सव भरतो, त्यात वालस्ट्राट या गल्लीत तुम्ही परटीण झाला होतात. तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही नाटकातलंच काहीतरी नाव ठोकून दिलंत आणि चादर पिळायला लागलात. डोक्यावर पांढरी टोपी, बाह्या कोपरापर्यंत वर, पुढ्यात लाकडी टब, शेजारी शेगडी आणि वर गल्लीभर आडव्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लांबलचक जुन्या चड्ड्या. एवढ्या खुणांवर हे पत्र लिहिते आहे.

डेव्हेंटरच्या डिकन्स महोत्सवाला यायचं हा बाबांचा हट्ट. बाबा कराडच्या कोर्टात बेलिफ होते. लोकांच्या दारात जप्तीचे कागद घेऊन जाण्यात त्यांची सगळी नोकरी सरली आणि रात्री नगरवाचनालयातून आणलेला डिकन्स. 1824 साली डिकन्सच्या वडिलांना कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं आणि बारा वर्षांचं पोरगं बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत बसलं, हे बाबा आम्हाला घरच्याच कोणाची तरी हकीकत असावी तसं सांगत. तेव्हा इकडे नेदरलँड्समध्ये नाताळाच्या आधी एका शनिवार-रविवारी एका गावात साडेनऊशेच्या वर माणसं डिकन्सच्या काळचे कपडे घालून रस्त्यावर उतरतात म्हटल्यावर त्यांनी स्वेटर बॅगेत भरायला घेतला.

आम्ही आलो एका सहलवाल्यांच्या बसने, आपल्याच माणसांच्या. पत्रकावर ‘ज्येष्ठांची खास काळजी’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं. ती काळजी बसच्या दारापर्यंत टिकली. पुढे रांगेत तासन्‌तास उभं राहायचं आहे, आत शिरल्यावर गर्दी एकाच दिशेने पुढे सरकते आणि उलटं फिरता येत नाही, खाली सगळा दगडगोट्यांचा रस्ता आहे, यातलं काही कोणी बोललं नाही. बाबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा आमच्या म्होरक्याने मागे वळून “काका, जरा उचला पाय, ग्रुप पुढे जातोय” एवढं सांगितलं. आणि ग्रुप खरंच गेला. ज्यांच्याबरोबर सकाळी बसमध्ये ठेपले वाटून खाल्ले तेसुद्धा गेले. सेल्फी काढायची होती त्यांना, डिकन्सच्या गोष्टीतल्या कंजूष स्क्रूजबरोबर.

एका कॅफेबाहेर मी विचारलं, वडिलांना दहा मिनिटं बसू द्याल का. कॉफी घेतो म्हटलं. जेवणाची ऑर्डर असेल तरच, असं उत्तर आलं. गर्दीच्या दिवशी त्यांचाही धंदा असतो, मान्य. पण माझ्यासमोर एक खुर्ची अडवून कोणाचा तरी कोट ऐटीत बसला होता, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तिथून तुमच्या दारापर्यंत बाबा भिंतीला हात लावत आले. चेहरा पांढरा पडला होता. मी दंड धरला की झटकत होते. तुम्ही हे किती वेळ पाहत होता कोण जाणे. आमच्यामागे लोकांचा लोंढा होता, समोर कोणी कॅमेरे धरलेले. तुम्ही अचानक कमरेवर हात ठेवून बाबांवर ओरडलात, डचमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं: इतका उशीर? कधीची वाट बघतेय मी, हे सोलणार कोण? स्वतःची बुटकी खुर्ची पायाने पुढे सरकवलीत, बाबांच्या हातात छोटी सुरी दिलीत आणि मांडीवर बटाट्यांची पाटी ठेवलीत. लोक हसले. त्यांना वाटलं, हा म्हाताराही खेळातलाच. बाबांना डचचा शब्द कळत नाही, पण पाटी कळली. ते बसले.

बाई, बाबा असे कुठे बसत नाहीत. जप्तीला गेले की घरची माणसं आधी पाणी आणत, खुर्ची पुढे करत. ज्याची भांडीकुंडी यादीत लिहून घ्यायची त्याच्या खुर्चीवर बसायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा होता. वऱ्हांड्यात उभ्यानेच पंचनामा लिहीत. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. दवाखान्यातसुद्धा दुसऱ्याला जागा देऊन उभे राहतात. तुम्ही “आजोबा, बरं नाही का, बसता का जरा?” असं प्रेमाने विचारलं असतंत तर “छे, मला काय झालंय” म्हणत ते पुढे चालू लागले असते आणि बेर्खकेर्क चर्चच्या चढावर कुठेतरी कोसळले असते. तुम्ही त्यांना दया दाखवली नाहीत, काम दिलंत. हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मग बराच वेळ ते शेगडीशेजारी बटाटे सोलत बसले. आई गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात, त्यामुळे हात सराईत. गालांवर रंग परत आला तशी ऐटही आली. येणारे-जाणारे त्यांचे फोटो काढत होते, एका छोट्या मुलीने तर भिकारी समजून त्यांच्या पाटीत नाणं टाकलं. ते त्यांनी तुमच्या टबाच्या काठावर ठेवलं, हिशेबाला चोख. तुम्ही मधूनमधून येऊन एखादा बटाटा उचलायचात, डोळा राहिलाय म्हणून खोटंच रागवायचात आणि परत द्यायचात. कधी उठणार, असं एकदाही विचारलं नाहीत. स्वतः मात्र तेवढा वेळ ओल्या दगडांवर उभ्या होतात, हे मी पाहिलं.

हा महोत्सव 1991 साली तुमच्याच गल्लीतल्या एका दुकानदार बाईंनी सुरू केला, असं मी नंतर वाचलं. आज लाखाच्या घरात माणसं येतात, तरी रस्त्यावर उभं राहणारी मंडळी गावातलीच, हौसेने थंडीत कुडकुडणारी. डिकन्सची माणसं लंडनची, डेव्हेंटर आयसेल नदीकाठचं, हान्झा या मध्ययुगीन व्यापारी संघातलं जुनं गाव. संबंध म्हणावा तर एवढाच, की अरुंद गल्ल्या आणि जुनी घरं दोन्हीकडे. मला आधी ते सगळं जरा पोशाखी वाटलं होतं, खरं सांगते. अनाथ पोरं, दारुडे, गल्लाभरू शेठ, सगळे रंगवलेले. पण गरिबाचं सोंग घेतलेल्या तुम्हाला समोरचा खरा थकलेला माणूस दिसला, आणि ‘खास काळजी’ छापून पैसे घेतलेल्यांना तो दिसला नाही. चांगुलपणा कोणाच्या अंगात असतो हे जातीवरून, भाषेवरून, ओळखीपाळखीवरून ठरवायची आपल्या लोकांना भारी खोड. परदेशात गेलं की “आपली माणसं शोधा” हा पहिला सल्ला. मीही तो दिलाय लोकांना. आता देताना जीभ अडखळेल.

परतीचं सांगण्यासारखं काही नाही. बस चुकली, आम्ही स्टेशनवर जाऊन रेल्वे धरली आणि घरी ॲम्स्टेलव्हेनला आलो. वाटेत ब्रिंक चौकात डेव्हेंटरचा तो मसालेदार मधाचा केक घेतला, बाबांनी चहात बुडवून खाल्ला. सहलवाल्यांचा दुसऱ्या दिवशी मेसेज आला, पाच तारे द्या म्हणून. काय दिलं ते इथे लिहीत नाही.

बाबा मार्चमध्ये कराडला परततील. तोवर भेटेल त्याला वालस्ट्राट ऐकवणं चालू आहे. डिकन्स महोत्सवात आपण ‘काम केलं’ असंच ते सांगतात, पाहिलं असं म्हणत नाहीत. हे पत्र लिहितेय म्हटल्यावर त्यांनी दोन गोष्टी कळवायला सांगितल्या. एक, सुरीला धार करून घ्या. दोन, उठताना तुम्ही त्यांना वाटीभर सूप दिलंत त्यात मीठ कमी होतं.

तुमची ऋणी,
बेलिफांची मुलगी