नाव कापायच्या आधी एक मेसेज तरी करा साहेब

मा. मुख्य निवडणूक अधिकारी साहेब, महाराष्ट्र राज्य,
नागपूरहून नमस्कार.

मतदार यादी साफ करायला आमची ना नाही. मयत माणसांची नावं, दुबार नावं काढलीच पाहिजेत. पण त्या नादात जित्याजागत्या माणसाचं नाव कापलं जातं आणि त्याला ते थेट मतदानाच्या दिवशी बूथवर कळतं, हे कसं चालंल?

आमच्या गल्लीतल्या एक काकू, नागपूरच्या महाल भागात भाड्यानं राहतात, लोकांकडं स्वयंपाकाला जातात. घरमालकानं खालची खोली दुकानाला दिली म्हणून त्या त्याच घराच्या माडीवर गेल्या, बस एवढंच. भर दुपारी कोणी चौकशीला आलं असंल, खाली शटर दिसलं, झालं, शेरा पडला "स्थलांतरित". मतदानाला गेल्या तर हातात ओळखपत्र आणि यादीत नावच कापलेलं. काकू म्हणे, "राशन बरोबर मिळून राहिलं, लाईट बिल बरोबर येऊन राहिलं, मतालाच मी कुठं गेली बावा?" तिथला स्टाफ तरी काय करणार, नुसत्या कार्डावर मत देता येत नाही, यादीत नाव लागतंच. आणि बीएलओलाही (घरोघरी यादी तपासणारे बूथ अधिकारी) मी दोष देत नाही, बहुतेक मास्तर नाहीतर अंगणवाडीताई, स्वतःचं काम सांभाळून उन्हातान्हात दारोदार फिरतात.

माझी तक्रार नोटिशीबद्दल आणि तारखांबद्दल आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २२ सरळ सांगतं की स्थलांतरित म्हणून नाव कापायच्या आधी त्या माणसाला बाजू मांडायची संधी द्या. मतदारसंघातला कोणताही मतदार फॉर्म ७ भरून दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो, ठीक आहे, पण मग त्या हरकतीची नोटीस काकूंच्या हातात पडली का हे कोण पाहतं? नोटीस जुन्या पत्त्यावर जाणार आणि हरकतच ही की त्या तिथं राहत नाहीत! पुढचं तर अजूनच भारी. अपीलाला मुदत १५ दिवस, पण निवडणुकीची अधिसूचना निघाली की सातव्या दिवशी उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपते आणि त्यानंतर यादीत नाव घालताही येत नाही, कापताही येत नाही. म्हणजे शेवटच्या पंधरवड्यात ज्याचं नाव उडालं त्यानं अपील जिंकलं तरी ते मत गेलंच.

आणि हीच यादी महापालिकेलाही वापरतात. नागपूर महापालिकेला २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं, ते १ जुलै २०२५ च्या विधानसभेच्या यादीवर. विधानसभेच्या यादीतून जो उडाला तो नगरसेवकाच्या मतालाही मुकला, आता पुढच्या वेळेपर्यंत बसा बोंबलत.

२०२५ मध्ये बिहारच्या प्रारूप यादीतून ६५ लाख नावं वगळली, तेव्हा सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की नावं आणि कारणं जाहीर करा. आपल्याकडं कोणी कोर्टात जायची वाट कशाला पाहायची? ज्यांचा मोबाईल नंबर तुमच्याकडं आहे त्यांना हरकत आल्याबरोबर मेसेज टाका. वगळायच्या नावांची कारणासकट यादी बूथच्या शाळेच्या भिंतीवर मराठीत लावा, वेबसाईटच्या कोपऱ्यात पीडीएफ टाकून भागत नाही. आणि निवडणूक तोंडावर असली की शेवटचा महिनाभर "स्थलांतरित" म्हणून एकही नाव कापू नका. हे तुमच्या हातात नसंल तर दिल्लीला तसं लिहून पाठवा, आणि काय लिहिलं ते आम्हालाही कळू द्या.

आपला,
महालातला एक मतदार