काका, त्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव कुठेच नाही

काका, नमस्कार.

हे तुमच्या नातीच्या मोबाईलवर पाठवतेय, ती वाचून दाखवेल. तिला सांगितलंय सावकाश वाच, काका मध्येच थांबवून "हे असं नव्हतं" म्हणतील, ते लिहून ठेव. आणि फक्त तुम्हाला न पाठवता सगळ्यांना दिसेल असं इथे टाकतेय, कारण आपल्या शाळेच्या प्रथमोपचार पथकातली पोरं आता कुठे कुठे आहेत, कोणी विरारला, कोणी बदलापूरला, कोणी दुबईत, त्यांच्यापर्यंतही हे पोचायला पाहिजे.

झालं असं की शाळेने स्मरणिकेसाठी मला सांगितलं, प्रथमोपचार पथकाचा इतिहास लिहून दे, दोन पानं पुरे. मी म्हटलं देते की, त्यात काय. मग प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटातून पथकाची रजिस्टरं काढली, तीच लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि चार रात्री वाचत बसले. पहिल्या रजिस्टरचं पहिलं पान डिसेंबर १९७१ चं आहे, म्हणजे युद्धाचे दिवस, मुंबईत ब्लॅकआऊट, खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. पानावर लिहिलंय, "अंधारात जिन्यावरून पडला, इयत्ता सहावी, डावं मनगट, फूटपट्टी बांधून केईएमला पाठवला, सायंकाळी ६.५०." बस एवढंच. फूटपट्टी कोणी बांधली ते नाही, केईएमला कोण घेऊन गेलं तेही नाही.

मी पुढे पुढे बघत गेले. तारीख, वेळ, कोणाला लागलं, काय लागलं, काय केलं. पाच रकाने. सहावा रकानाच नाही. तीन रजिस्टरं, इतकी वर्षं, आणि करणाऱ्याचं नाव एकदाही नाही. मग आठवलं, तुम्हीच सांगायचात ना, "जखमीचं नाव लिहा, आपलं कशाला, आपल्याला काय झालंय?" तेव्हा आम्ही हसायचो. पण आता इतिहास लिहायला बसले तर हातात नावच नाही. ज्या माणसाने वर्कशॉपची ड्युटी संपवून दर शनिवारी परळहून चालत येऊन आम्हाला शिकवलं, रेल्वेने दिलेलं प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट कधी कोणाला दाखवलं नाही, शाळेकडून एक रुपया घेतला नाही, तो माणूस कागदावर कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही पहिल्या दिवशी आम्हाला गोष्ट सांगायचात, आठवतं का? १८५९ ची, इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईची, हेन्री ड्युनंट नावाचा धंद्याच्या कामाला निघालेला माणूस तिथे पोचतो, हजारो जखमी नुसते पडलेत, आणि गावातल्या बायका दोन्ही बाजूंच्या सैनिकांना पाणी पाजतायत. त्यातूनच पुढे रेडक्रॉस झाली. आणि मग तुमचं लाडकं वाक्य, की इंग्लंडात १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे वर्ग निघाले तेव्हा शिकायला पुढे आलेल्यांत रेल्वेवाले होते, खाणीतले कामगार होते, पोलीस होते, "म्हणजे ही विद्या कामगारांची आहे पोरांनो, डॉक्टर येईपर्यंत कामगाराने कामगाराला सांभाळायची." १९२२ मध्ये तिथे मुलांची कॅडेट तुकडी सुरू झाली हेही तुम्हीच सांगितलेलं. गिरणगावातल्या पोरांना ते लगेच पटायचं, कारण आमच्या घरातल्या प्रत्येकाने मशीनमध्ये बोट गेलेला माणूस पाहिलेला होता.

आता पट्ट्यांची गोष्ट, जी मला आत्ता आत्ता कळली. आपल्याकडे त्रिकोणी पट्ट्या असायच्या, मांजरपाटाच्या, एक मीटरचा चौकोन तिरका कापला की दोन व्हायच्या, कडा दुमडून शिवलेल्या. गळ्यातली झोळी, डोक्याची टोपी, गुडघा, टाच, सगळं त्या एका फडक्यात. गाठ रीफची, "उजवी डावीवर, डावी उजवीवर", आणि गाठ जखमेवर कधीच येऊ द्यायची नाही. माझी आई त्या पट्ट्या शिवायची. १९८२ चा संप झाल्यावर बाबांची गिरणी परत काही सुरू झाली नाही, आमच्या चाळीत असे किती होते तुम्हाला माहीतच आहे, बायकांनी पोळ्या लाटल्या, खानावळी चालवल्या, आईने मशीन चालवलं. शाळेत असताना मला वाटायचं की पट्टीमागचे पैसे शाळा देते. आता रजिस्टरच्या मागे खर्चाची पानं बघितली तर कापूस आहे, स्पिरिट आहे, लाल औषध आहे, पट्टीचा खर्च कुठेच नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "शाळा कसली, ते तर काका स्वतः द्यायचे, आणि नगामागे पैसे रोख, कधी उधारी नाही." आमच्याच नाही, चाळीतल्या अजून चार घरांत. शाळेला लागतील त्याच्या कितीतरी जास्त पट्ट्या तुम्ही शिवून घ्यायचात. त्या जास्तीच्या पट्ट्या कुठे जायच्या हे मला अजून माहीत नाही. पण त्या पैशांत आमच्या घरी काय काय आलं ते मला माहीत आहे काका, माझी आठवीची पुस्तकं त्यातली होती.

आठवी म्हणजे १९९३. १२ मार्चच्या दिवशी रजिस्टरमध्ये एकच ओळ आहे, "शाळेत कोणालाही इजा नाही, शेवटचा विद्यार्थी ७.१०." तो दिवस ह्या ओळीत कसा मावेल. शुक्रवार होता. दुपारी आधी काहीतरी उडाल्याची बातमी आली, मग सेनाभवनाजवळच्या पेट्रोल पंपाकडे, मग सेंच्युरी बाजार, मग प्लाझा, आमच्या वर्गाच्या काचा थरथरल्या आणि बाई फळ्याकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. आम्ही पथकातली नऊ पोरं, गळ्यात स्कार्फ, हातात बॅगा, गेटवर जाऊन उभे, आता आपली वेळ आली म्हणून. चारच्या सुमारास तुम्ही आलात, अंगावर ऑईलचे डाग असलेले वर्कशॉपचेच कपडे, आणि येताच म्हणालात, "एकही पोर गेटबाहेर जाणार नाही." आम्ही किती चिडलो! मी तर रडले, की मग शिकवलंत कशाला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, पुढचा कुठे फुटेल कोणाला माहीत नाही, आणि जखमी झालेला प्रथमोपचारक म्हणजे डॉक्टरांना एक पेशंट जास्त.

मग आम्हाला कामाला लावलंत. दोघांना प्रत्येक वर्गाची यादी, कोण मूल कोणाबरोबर घरी गेलं, नातं काय, वेळ काय. दोघांना पाण्याचे पिंप. मला पाचवीच्या मुलींजवळ बसवलंत, त्यातल्या एकीला श्वास लागला होता, भीतीने, हातपाय वाकडे व्हायला लागले होते. तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि तिला फक्त एवढंच म्हणालात, माझ्याबरोबर मेणबत्ती विझव, हळू, अजून हळू. दहाएक मिनिटं तुम्ही दोघं नसलेली मेणबत्ती विझवत होतात. त्या दिवशी शहरात बारा स्फोट झाले, २५७ माणसं गेली, आणि आमच्या शाळेतलं प्रत्येक पोर कोणाचा हात धरून घरी गेलं ह्याचा हिशोब सात वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झाला. तुम्ही तिथून चालत केईएमला रक्त द्यायला गेलात हे मला शिपाईकाकांनी सांगितलं, तेही दोन वर्षांनी. आज माझी मुलगी आठवीत आहे, आणि त्या गेटवर तुम्ही आम्हाला अडवलंत ह्याबद्दल माझ्या आईबाबांच्या वतीने आज आभार मानते, तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही.

६ डिसेंबरची पानं मात्र भरलेली आहेत. दरवर्षी चैत्यभूमीला लाखो लोक येतात, विदर्भ, मराठवाड्यातून दोन दोन दिवस प्रवास करून, दादर स्टेशनवरून शिवाजी पार्कपर्यंत चालत, आणि आपण टेबल लावून बसायचो. चक्कर, उलट्या, ताप, पण सगळ्यात जास्त पाय. एका आजींचे पाय मला अजून दिसतात. टाचेला नव्या चपलेने फोड आलेला, त्या कोणालाच पाय दाखवायला तयार नव्हत्या, मागे मागे घेत होत्या. तुम्ही खाली बसलात, बादली ओढलीत, आणि त्यांचा पाय साबणाने धुतलात, बोटांच्या मध्ये पण, मग कोरडा करून फोड न फोडता गॉज लावलं. मला म्हणालात, फोड म्हणजे शरीराने स्वतः लावलेलं ड्रेसिंग आहे, ते आपण काढायचं नाही. आजी जाताना तुमच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. रजिस्टरमध्ये त्या दिवशी पाय १४३ आणि जलसंजीवनी ६०, बाकी काही नाही. मीठ-साखर-पाण्याचं माप तिथेच तोंडपाठ झालं, लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला त्या बादलीचा, त्या चमच्याचा अभिमान वाटला होता.

अजून एक गोष्ट रजिस्टरमुळे दिसली आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. जुन्या पानांवर तुमच्या अक्षरात कृत्रिम श्वासाची होल्गर नील्सन पद्धत लिहिलीय, माणसाला पालथं झोपवायचं, पाठीवर दाब, मग कोपरं धरून उचलायची. त्यावर लाल पेनाने काट, बाजूला "आता तोंडाने श्वास". काही वर्षांनी त्याच्याही खाली "छातीवर दाब, १५ ला २", म्हणजे पंधरा दाबांमागे दोन श्वास. आणि मग तेही खोडून "३० ला २". हे शेवटचं खोडलंत तेव्हा मी तिथे होते. २००५ च्या शेवटी जगभरचे नियम बदलले, तुम्ही तोवर रिटायर होत आला होतात, तरी जुन्या सगळ्यांना पोस्टकार्डं टाकलीत, रविवारी शाळेत या. आम्ही चाळीसएक जण आलो, काही जणी कडेवर पोरं घेऊन. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "मी तुम्हाला शिकवलं ते आता जुनं झालं, ते विसरा, नवीन हाताला बसवा." मग गादीच्या वळकटीवर एकेकाकडून करून घेतलंत, जोरात, भराभर, कोपर वाकलं की पुन्हा. आपलं चुकलं किंवा जुनं झालं हे चाळीस माणसांना बोलावून सांगणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. भाजल्यावर हळद-टूथपेस्ट नाही, नुसतं नळाचं पाणी, वीस मिनिटं. नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे. लाल औषधसुद्धा तुम्हीच कपाटातून काढून टाकलंत, त्यात पारा असतो म्हणून.

आणि घड्याळ. मागच्या वर्षी ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात, कुर्ला गेल्यावर, एका कॉलेजच्या मुलीला फिट आली. गर्दीत कोणी चप्पल काढली हुंगवायला, कोणी कांदा आहे का विचारतंय, एक बाई तिचे दात उघडायला चमचा शोधत होत्या. माझा हात आधी घड्याळावर गेला काका, मग तिच्या डोक्याखाली ओढणी. दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, जागा करा, एवढंच मी ओरडत राहिले, आणि झटके थांबल्यावर तिला कुशीवर वळवलं. घाटकोपरला फलाटावर बाकड्यावर ती भानावर आली, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो "किती वेळ होती?" तिचे डॉक्टर दर वेळी तेच विचारतात, आणि दर वेळी कोणालाच सांगता येत नाही. मी सांगितलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद. तिने माझ्याकडे असं पाहिलं ना. तुम्ही सांगायचात पाच मिनिटांच्या वर गेली की थांबायचं नाही, हॉस्पिटल, आता तर १०८ ला फोन केला की गाडी येते.

पूर्वी लोक पोलिसांच्या लफड्याला घाबरून लांब उभे राहायचे, तुम्ही त्यावरून किती चिडायचात. आता २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४ अ आलंय, अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. वाचलं तेव्हा तुमचा पाच रकान्यांचा नियमच आठवला.

स्मरणिकेत मी तुमचं नाव लिहू का हे विचारायला फोन केला तर तुम्ही विषय बदलून पावसाचं सांगत बसलात, म्हणून इथेही लिहिलं नाही. पण दोन पानांच्या जागी मी सात पानं लिहिली आणि शाळेने ती घेतली.

गणपतीला गावी येतेय, तिकीट मिळालंय. रजिस्टरं प्लास्टिकमध्ये बांधून आणते, १९९६ च्या पावसाळ्यातली दोन पानं भिजून शाई फुटलीय, अक्षर तुमचंच आहे, तेवढी वाचून द्या. आणि आईने मांजरपाट आणून दहा पट्ट्या शिवून ठेवल्यात, नवीन पोरांसाठी तुमच्या हातून द्यायच्या म्हणते. पैसे विचारलेत तर तिला राग येईल, तिने आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
आठवी ब, पथकातली, गेटवर रडलेली