फोन करण्याआधी निरोप पाठवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहितेय. खासगीत आभार मानले की तुम्ही "अहो, हे माझं कामच आहे" म्हणता आणि विषय बदलता. चारचौघांत ते जमणार नाही.

माझ्या लेकीला फिट येतात, असं आम्हाला सांगितलं होतं. पहाटे गजर वाजला की ती दचकून उठायची आणि कोसळायची. मेंदूचा आलेख कितीदा काढला, दरवेळी चांगलाच यायचा. तरी फिटच्या गोळ्या वाढत गेल्या. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी तर तिच्यादेखत हसत विचारलं, "परीक्षा जवळ आलीय का?" साधा ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. आजही हे लिहिताना डोकं तापतं.

पुढे भलत्याच कारणासाठी ईसीजी निघाला आणि क्यूटी (ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुढच्या ठोक्याला तयार होईपर्यंतचा वेळ) ५०० मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे फारच लांबलेला दिसला. जनुकाच्या तपासणीत एक बदल सापडला, पण त्याच्यापुढे छापलं होतं, ‘अर्थ अनिश्चित’. पुढं काय करायचं विचारलं की जो तो अहवाल परत हातात द्यायचा. तुमचा शोधनिबंध मला अर्धासुद्धा कळला नव्हता. फक्त जनुकाचं नाव ओळखीचं दिसलं म्हणून मेल टाकली. त्याच रात्री उत्तर आलं: "मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण या जनुकापासून बनणारी पोटॅशियमची वाहिनी मला चांगली माहीत आहे."

तुम्ही समजावलंत तसं आधी कुणी समजावलं नव्हतं. ठोका पडून गेला की पेशीतलं पोटॅशियम बाहेर जावं लागतं, तेव्हाच हृदयाची पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. ते बाहेर सोडणारी वाहिनी कमी पडली की ही तयारी लांबते. नेमक्या त्या वेळात दचकायला झालं की ठोके सैरभैर होतात, मेंदूला रक्त पोचत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं, फिट आली. तिच्यातला बदल तुम्ही पेशींत घालून पाहिलात. टोकाशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी बारीक असलेली काचेची नळी, ती पेशीला अलगद चिकटवलेली, आणि पडद्यावर वाहिनीतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या दोन रेघा: निरोगी वाहिनीची रेघ उसळून सावकाश उतरणारी, लेकीची जवळपास सपाट. वाहिनी तयार होते, पण पेशीच्या आतच अडकून पडते. दार बनलंय, पण भिंतीपर्यंत आलंच नाही. ‘अनिश्चित’ हा शब्द त्या दिवशी आमच्या घरातून गेला.

पण मॅडम, हे पत्र त्या रेघांसाठी नाही.

क्यूटी लांबण्याच्या या प्रकारात अचानक वाजलेला फोनसुद्धा घात करू शकतो, हे वाचलेलं अनेकांनी असेल. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. आमच्याकडे फोन करण्याआधी तुमचा निरोप येतो: "दोन मिनिटांनी फोन करते, आवाज बंद करून ठेवा." दरवेळी. परिषदेला गेला होतात तेव्हाही, घाईत होतात तेव्हाही. आमच्या सख्ख्या नातेवाइकांना हे दहा वेळा सांगूनही जमलेलं नाही. (वाचत असाल तर हो, तुम्हालाच म्हणतेय.)

आणि तुम्ही माझ्याशी कमी, तिच्याशी जास्त बोललात. ईथर दिल्यावर पाय थरथरवणाऱ्या फळमाश्यांमुळे या जनुकाच्या घराण्याला ‘ईथर-अ-गो-गो’ नाव पडलं, हे ऐकून ती खो खो हसली. स्वतःच्या आजाराबद्दल ती पहिल्यांदाच हसली. माणसातलं हे जनुक १९९४ मध्ये मेंदूच्या ऊतीतून हाती लागलं आणि १९९५ मध्ये त्याचं हृदयाच्या या आजाराशी नातं कळलं, हेही तिनेच मला ऐकवलं. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं औषध याच वाहिनीला अडवायचं म्हणून बाजारातून गेलं, तेव्हापासून नवं औषध आलं की ते आधी या वाहिनीवर तपासतात, हेही. आता कुठलीही गोळी घेण्याआधी ती टाळायच्या औषधांची यादी काढून बसते.

हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. समोरच्याला मूर्ख न ठरवता बोलणारी थोडी. त्यातही ज्यांचं आपल्यावाचून काही अडलेलं नाही, अशांनी एका अनोळखी बाईच्या मेलला उत्तर देणं, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

एक बातमी सांगायची राहिली. तुम्ही सगळ्या रक्ताच्या नात्यांचे ईसीजी काढून घ्या म्हणाला होतात. माझ्या धाकट्या भावाचा क्यूटी लांबलेला निघाला. त्याला कधी काहीच त्रास नव्हता. आता बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाला शांत ठेवणारी गोळी, सुरू आहे. तो काही तुम्हाला पत्र लिहिणार नाही, लिहायचा त्याला भारी कंटाळा; पण गोळी वेळेवर घेतो. त्याच्या वतीनेही आभार.

आपली,
एक आई