झाड, बूट आणि आहेराची वही

फ्रायबुर्ग, जर्मनी, १४ डिसेंबर

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही चिऊला विचारलंत ना की नाताळात झाड घरात कशाला आणतात, आणि ती सांगायला लागली तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून मीच बसून लिहितेय.

झाड शनिवारी आणलं. बुंध्याकडून एका मोठ्या नळकांड्यात घालून ओढतात आणि पलीकडून ते जाळीत घट्ट बांधलेलं बाहेर येतं, फांद्या सगळ्या मिटलेल्या, हाताला चिकट डिंक आणि वास तर असा की गाडीत अजून येतोय. आता बाल्कनीत बादलीत उभं आहे, २४ ला सकाळी आत घेणार, इथे बऱ्याच घरात तशीच पद्धत आहे. आई, तू म्हणशील चांगलं वाढतं झाड तोडायचं कशाला, पण अगं जंगलातलं नसतं ते, शेतात मुद्दाम लागवड करतात आपल्याकडच्या उसासारखी, फक्त याला आठ-दहा वर्षं लागतात.

पूर्वी मात्र जंगलातूनच आणायचे. बाबा, हे खास तुमच्यासाठी, तुमचा जन्म सोसायटीचे हिशोब लिहिण्यात गेला ना. ऱ्हाइन नदीच्या पलीकडे फ्रान्समध्ये सेलेस्टा गाव आहे, तिथल्या जुन्या लायब्ररीत गावच्या जमाखर्चाची वही आहे. त्यात १५२१ सालची नोंद आहे की २१ डिसेंबरपासून झाडं राखायला वनरक्षकांना ४ शिलिंग दिले. एवढीच एक ओळ, पण राखण ठेवावी लागली म्हणजे लोक किती झाडं नेत असतील बघा.

आणि झाडाला सफरचंदं बांधायचे. २४ डिसेंबर हा जुन्या पंचांगात आदम आणि ईव्हचा दिवस, त्या दिवशी त्यांचं नाटक व्हायचं, स्टेजवर स्वर्गातलं झाड लागायचं पण थंडीत सफरचंदाच्या झाडाला पान नसतं, मग थंडीतही हिरवं राहणारं फरचं झाड आणून त्यालाच फळं बांधायची. आता आपण काचेचे लाल गोळे लावतो ती मूळची सफरचंदं. मी चिऊला सांगितल्यापासून ती एक खरं सफरचंद बांधायचं म्हणून हटून बसलीय, बांधणार आहोत.

पण मला खरं सांगायचंय ते बुटांचं. ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात संत्री, अक्रोड, चॉकलेट असतं, निकोलाउस ठेवून जातो. हा निकोलस चौथ्या शतकातला, आत्ताच्या तुर्कस्तानात मायरा म्हणून गाव होतं तिथला बिशप. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका गरीब माणसाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तर याने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा बाप दबा धरून बसला आणि त्याने धरलंच, तर निकोलस म्हणाला कुणाला सांगू नकोस. त्याचंच नाव डच लोकांच्या तोंडी सिंटरक्लास झालं आणि पुढे अमेरिकेत सांताक्लॉज.

हे चिऊला वाचून दाखवताना माझा आवाजच बसला. बाबा, शेजारच्या ताईच्या लग्नात आहेराची वही तुमच्याकडे होती, अक्षर चांगलं म्हणून, आणि मी बाजूला बसून पाकिटं फोडून देत होते. आपल्या नावाचं पाकीट ५१ रुपयांचं होतं. त्याच्यामागे एक निघालं, त्यात ५ हजार आणि वर नावच नाही. मी नाव विचारलं तर तुम्ही रक्कम लिहिलीत, नावाचा रकाना कोरा सोडलात आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलंत. आई, तुला हे आज कळतंय, तर रागावू नकोस त्यांच्यावर, आणि माझ्यावरही, मी इतकी वर्षं शब्द पाळला.

२४ ला इथे संध्याकाळी ६ ला खोलीचं दार बंद करून आत झाडाखाली भेटवस्तू मांडतात आणि घंटी वाजली की मुलांना आत सोडतात. इकडे भेटी क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू, आणतो असं मुलांना सांगतात. तुमच्याकडे तेव्हा साडेदहा वाजलेले असतील, पण जागे राहा, मी व्हिडिओ लावते. तुम्ही पाठवलेला फ्रॉकही झाडाखालीच ठेवणार आहे, चिऊला बोलू नका तो कुणी पाठवला ते.

तुमची
मनू

ता.क. बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.